चोवीस इंचांचं वर्तुळ

ही नक्कल फार सोपी आहे, कोणालाही जमेल.

खुर्चीत ताठ बसायचं. उजवीकडून कोणी हाक मारली तर डोळे फिरवायचे नाहीत, अख्खी मान फिरवायची. टेबलफॅनसारखी सावकाश, आणि टोकाला पोचली की क्षणभर थांबवायची. हाक मारणारा तिथं नसला तर तशीच परत, दुसऱ्या टोकापर्यंत. माणूस सापडला की त्याला डोक्यापासून पायापर्यंत ओळीनं वाचायचं, दोनदा मान हलवायची आणि विचारायचं, "हं, तुम्ही. कोणत्या वेगानं आलात?" मग चहाचा कप उचलायचा, दुसऱ्या हातात बशी अगदी अदबीनं धरायची, आणि चहा बशीच्या दोन बोटं अलीकडे, थेट स्वतःच्या मांडीवर ओतायचा. ओतून झाल्यावर कोरड्या बशीकडे आश्चर्यानं बघायचं.

इथं लोक हसून लोळायचे. दिल्लीत, मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत हा प्रयोग मी गच्चीवर केलाय, पार्कात केलाय, आणि एकदा लिफ्ट अडकली होती तेव्हा लिफ्टमध्ये पाच जणांसमोर केलाय. माझं पोटच आवाजावर चालतं. नोएडातल्या एका स्टुडिओत मी साबणाला, सिमेंटला आणि कार्टूनमधल्या एका लठ्ठ अस्वलाला मराठी आवाज देतो. त्यामुळे माणूस भेटला की आधी त्याची लकब उचलायची, ओळख सवडीनं करून घ्यायची, ही माझी सवय. आणि हा माणूस म्हणजे लकबींचं गोदाम होतं.

ते चौथ्या मजल्यावर राहायचे, आमच्या डोक्यावर. सोसायटीतले हिंदी शेजारी त्यांना 'रेटवाले सर' म्हणत, आम्ही काका म्हणायचो. नद्यांच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या एका सरकारी खात्यातून ते निवृत्त झाले होते आणि घरी बारावीच्या मुलांना गणित शिकवत. म्हणजे सगळं गणित नव्हे. एकच प्रकरण. एक गोष्ट बदलत असताना तिला बांधलेली दुसरी गोष्ट किती वेगानं बदलते, एवढंच. भिंतीला टेकवलेल्या शिडीचा तळ सरकतोय, तर वरचं टोक किती वेगानं खाली येतंय? फुग्यात हवा भरतेय, तर त्याची त्रिज्या किती वेगानं वाढतेय? दिव्याच्या खांबापासून माणूस दूर चाललाय, तर त्याची सावली किती वेगानं लांबतेय? उरलेलं गणित कोणीही शिकवतं असं त्यांचं म्हणणं. मुलांनी दुसरं काही विचारलं की ते सांगत, "इंटिग्रेशनला तळमजल्यावर खुराना आहेत." खुराना बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी जन्मात इंटिग्रेशन केलं नव्हतं, पण दारात मुलं आली की बिचारे पाणी द्यायचे.

शिकवणीला मुलं शेजारी शेजारी बसलेली काकांना चालत नसत. एकामागे एक, सहा खुर्च्यांची रांग, हॉलपासून सुरू होऊन स्वयंपाकघराच्या दारातून आत. शेवटची खुर्ची फ्रीजला टेकलेली. फ्रीजमधलं काही हवं असेल तर काकू शेवटच्या मुलाला उठवत. माझी मुलगी सानिका पहिल्या दिवशी खाली आली ती हसतच. "बाबा, काकांनी आमची लाइन लावली. राशन की दुकान जैसी."

मी ती रांगही नकलेत घातली. सहा उशा एकामागे एक ठेवायचो.

आता सांगूनच टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. काकांना काचबिंदू होता. डावा डोळा कधीच गेला होता. उजव्याची नजर कडेकडेनं विझत चालली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, आजूबाजूचं काहीच नाही, पाइपातून बघावं तसं. रांग, मान, मांडीवरचा चहा, लिफ्टमध्ये खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या माणसाला ओळख न देणं, यातली एकही गोष्ट लकब नव्हती. सहा वर्षं मी एका आजाराची लक्षणं करून दाखवत होतो आणि टाळ्या घेत होतो. माझ्या बायकोनं एकदा विचारलंही होतं, "त्यांना नीट दिसत नसेल का रे?" मी म्हणालो होतो, "छे, गणितवाले असेच असतात."

काकांचा शिकवण्याचा एकच नियम होता आणि तो मोडणाऱ्याला माफी नव्हती. आकडा आधी घालायचा नाही. शिडी पाच मीटरची आहे. तळ भिंतीपासून तीन मीटरवर असताना वरचं टोक किती वेगानं घसरतंय, असा प्रश्न आला की मूल काय करतं? हातात तीन सापडला म्हणून लगेच तीन लिहून मोकळं होतं. पण तीन हा तीनच राहणार. तो हलत नाही. मग त्याच्या बदलाचा वेग शून्य येतो, आणि कागदावरची शिडी भिंतीला टेकून जन्मभर तशीच उभी राहते. खऱ्या शिडीवरचा माणूस तोवर खाली पडलेला असतो.

"आधी हलू द्या," काका म्हणायचे. "एक्सला एक्स राहू द्या, वायला वाय. दोघं एका समीकरणात बांधलेत. त्यांना सोडवून वेगवेगळं काढत बसू नका. बांधलेले आहेत तसेच दोघांना काळात सोडा. वेग निघाला की मग घाला आकडा. ज्यानं आधी आकडा घातला त्यानं घड्याळ बंद पाडलं."

याला इम्प्लिसिट डिफरन्सिएशन म्हणतात, हे मला सानिकानं सांगितलं. मी कॉमर्सचा. पण काकांचं उदाहरण मलाही समजलं होतं, कारण ते घरचंच होतं. "हिला माझ्यातून सोडवून वेगळी मांडून दाखवा," असं ते काकूंकडे बोट करून म्हणत. "जमायचं नाही. पण मी उशिरा उठलो तर हिचा चहा किती वेगानं निवतो, ते मात्र काढता येतं."

"निवत नाही, सांडता तुम्ही," काकू आतून म्हणत.

नोकरीतली एकच हकीकत ते सांगत आणि प्रत्येक बॅचला सांगत. नदीकाठच्या एका ठाण्यावर पातळी वाचायला एक माणूस नेमलेला होता. रोज सकाळी आठला काठावरच्या पट्टीपाशी जायचं, पाणी कुठवर आलंय बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम. एकदा ओळीनं तीन दिवस त्याच्याकडून एकच आकडा आला, दशांशापर्यंत तोच. काका दिल्लीहून थेट ठाण्यावर जाऊन धडकले. तो गडी पावसात घराबाहेर पडलाच नव्हता. कालचा आकडा आज लिहीत होता, आजचा उद्या. इकडे नदी दोन हात चढलेली. "वाहतं पाणी तीन दिवस एकाच रेघेवर कसं थांबेल?" असं विचारून काका पहिल्या खुर्चीपासून फ्रीजपर्यंत सगळ्या रांगेकडे एका दमात बघत. त्या माणसाची नोकरी त्यांनी घालवली होती. हे सांगताना त्यांच्या आवाजात दया नावाला नसायची. आवाजातलं मला कळतं.

त्यांच्या हॉलच्या एका भिंतीवर मधोमध नुसता खिळा होता. त्याला कॅलेंडर नाही, फोटो नाही. भोवती पेन्सिलीनं काढलेली वर्तुळं, एकात एक. मुलांना ते फुग्याचं उदाहरण वाटायचं, मला म्हातारपणचा चाळा वाटायचा. खरं काय ते मला काकूंनी सांगितलं. एके दुपारी त्या खाली आमच्याकडे आल्या आणि सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या. साताऱ्याला त्यांच्या बहिणीचं खुब्याचं हाड मोडलं होतं, दोन-तीन महिने तरी तिकडे राहावं लागणार होतं. डबेवाली लावून दिली होती, औषधाचे थेंब कधी घालायचे ते फ्रीजवर चिकटवलं होतं. एकच काम उरलं होतं.

दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळी आठला, नदीच्या वेळेला, काका त्या भिंतीपासून सहा फुटांवर खुर्ची टाकून बसत आणि नजर खिळ्यावर रोखत. काकू विणायच्या सुईला बांधलेली एक लाल बांगडी लांबून हळूहळू खिळ्याकडे आणत. बांगडी दिसली की काका "आली" म्हणत आणि काकू तिथं पेन्सिलीनं खूण करत. आठ दिशांनी आठ खुणा. त्या जोडल्या की त्या महिन्याची नजर. मग काकू टेपनं खिळ्यापासूनचं अंतर मोजून मोठ्यानं सांगत आणि काका वहीत लिहून घेत. डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की नजर आहे तिथं थांबली असेल तर थेंब पुरेत. आत सरकत असेल तर ऑपरेशन, आणि तेही लगेच, कारण गेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. दवाखान्यातल्या मशीनवर काकांचा विश्वास नव्हता. दिवा लुकलुकला की बटन दाबायचं, तिसऱ्या मिनिटाला आपण कंटाळून अंदाजानं दाबतो, असं ते म्हणत. भिंत आपली, खिळा आपला, वाचणारी आपली. छत्तीस इंच, तेहेतीस, तीस, सत्तावीस, चोवीस. आणि डॉक्टरांनी हे सांगितल्यापासून वर्तुळ चोवीसवर थांबलं. त्याला आता वर्ष होत आलं होतं. काकांनी दवाखान्यात जाणंच सोडून दिलं होतं.

"तुम्ही एक तारखेला वर जा, भाऊ," काकू मला म्हणाल्या. "बांगडी फिरवा आणि चोवीस सांगा."

"आणि बांगडी दुसरीकडेच कुठे दिसली तर?"

"कुठेही दिसू दे. चोवीस सांगा." त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माझ्या थोरल्या भावाचं हेच ऑपरेशन झालं. टेबलावर गेला तेव्हा पेपर वाचत होता. उतरला तो काठी घेऊन. आहे तेवढं राहू दे ह्यांचं."

मी म्हणालो की मला हे जमेल असं वाटत नाही.

"जमेल की," काकू म्हणाल्या. "ह्यांची नक्कल तुम्ही फार हुबेहूब करता म्हणतात."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

एक तारखेला मी वर गेलो. काका दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, साहेब तपासणीला येणार असल्यासारखे. मी सुई घेतली आणि बांगडी बाहेरून आत आणू लागलो. भिंतीवरची जुनी वर्तुळं बारीक होती, केसासारखी. चोवीसचं तेवढं जाड होतं. महिन्यामागून महिने त्याच रेघेवर गिरवून काळं कुळकुळीत झालेलं. बांगडी त्या काळ्या रेघेपाशी आली. काका गप्प. मी हात आणखी आत नेला. काका गप्प. माझी बांगडी रिकाम्या भिंतीवरून चालली होती, जिथं कोणाचीही खूण नव्हती, आणि खिळा जवळ जवळ येत होता. खिळ्यापासून जेमतेम फूटभर उरलं तेव्हा काका प्रसन्नपणे म्हणाले, "आली."

तेरा इंच.

मी आठही दिशांनी फिरलो. आठही वेळा काळी रेघ ओलांडून आत गेलो आणि आठही वेळा पेन्सिल घेऊन परत त्या रेघेवर आलो. टेप मात्र खरी ताणली. कडक आवाज आला पाहिजे ना. मग मी सिमेंटच्या जाहिरातीतला आवाज काढला, पिढ्यान्‌पिढ्या टिकणाऱ्या घराचा, आणि म्हणालो, "चोवीस."

काकांनी लिहून घेतलं. "कलाकार," ते म्हणाले, ते मला कलाकारच म्हणत, "तुमचा हात हिच्यापेक्षा स्थिर आहे." मग आम्ही चहा घेतला. त्यांनी बशी अदबीनं धरली आणि चहा मांडीवर ओतला. सहा वर्षांत पहिल्यांदाच मला ते करून दाखवावंसं वाटलं नाही.

मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या महिन्यालाही गेलो. बारा होतं, चोवीस म्हणालो. मधल्या महिन्यात मी स्वतःला बरंच समजावलं होतं: नवरा त्यांचा, निर्णय त्यांचा, आपण शेजारी. रोज मेट्रोनं नोएडाला जाताना समजावायचो आणि परत येताना पुन्हा पहिल्यापासून. अस्वलाचा आवाज त्या महिन्यात इतका पडला की दिग्दर्शकानं मला विचारलं, अस्वल आजारी आहे का.

तिसऱ्या महिन्याची एक तारीख रविवारी आली. शिकवणी नऊची होती, पण सानिकाला काहीतरी अडलं होतं म्हणून ती आठच्या आधीच वर गेली. मी जाणूनबुजून रेंगाळलो. दाढी दोनदा केली. आठ वाजून दहा मिनिटांनी चौथ्या मजल्यावर पोचलो तर दार उघडं होतं, काका खुर्चीत होते आणि भिंतीपाशी एका हातात सुई, दुसऱ्या हातात पेन्सिल घेऊन माझी मुलगी उभी होती. खिळ्याभोवती आठ नव्या खुणा होत्या. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. तिनं बांगडीला नुसतं हलू दिलं होतं.

"अकरा, काका," ती म्हणाली.

"चोवीस," काका म्हणाले. "टेप नीट धर."

"नीटच धरलीय. दोनदा मोजलं. अकराच आहे."

काकांनी मान फिरवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि दारात मी सापडलो. मला त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचलं.

"कलाकार, तुम्ही किती वाचलं होतं?"

माझ्याकडे साबणाचा आवाज आहे, सिमेंटचा आहे. यासाठी नव्हता. "आधी तेरा," मी म्हणालो. "मग बारा."

काका उठले, भिंतीपाशी गेले आणि चोवीसच्या काळ्या रेघेवरून बोट फिरवलं. पेन्सिलीनं तिथं चुन्यात खाच पडली होती. ते बोट खाचेतून गोल फिरवत राहिले, हात पोचेल तिथपर्यंत वर, मग वाकून खाली. सानिका माझ्याकडे बघत होती. तिला आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत होतं.

"हिनं आधी आकडा घातला," काका शेवटी म्हणाले. उत्तरपत्रिकेवर शेरा मारताना असायचा तोच, सपाट आवाज.

सानिकाला कोणाबद्दल चाललंय ते कळलं नव्हतं. पण वर्षभराची सवय. ती म्हणाली, "मग रेट शून्यच येणार ना, काका."

"बरोबर," काका म्हणाले. "बस पहिल्या खुर्चीत."

आणि नऊ वाजता त्यांनी शिकवणी घेतली.

ऑपरेशन झालं. चांगलंच झालं असं डॉक्टर म्हणाले. पण चोवीसवर करायचं ते दहावर झालं, आणि एवढं आत आलेलं कधी कधी थांबता थांबत नाही, असंही म्हणाले. काकू साताऱ्याहून परतल्या होत्या. डॉक्टरांचं वाक्य त्यांनी उभ्यानं ऐकलं आणि पिशवीतून काहीतरी शोधायला लागल्या. दवाखान्याच्या पार्किंगमध्ये पोचेपर्यंत शोधत होत्या.

त्यानंतर त्या घरात आठ दिवस कोणी बोललं नाही, हे मला खालून कळत होतं; छत पातळ आहे आमचं. एक तारखेला मी वर गेलो, कारण आता मला न जाणं जमत नव्हतं. काका खुर्चीत बसले होते. त्यांनी हाक मारली, "बांगडी आण."

काकू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "मी नाही. सानिकाला बोलवा. भाऊंना सांगा."

"वाचणारी तू आहेस," काका म्हणाले. "मी तुझ्याच हातचं लिहिणार. ये. खरं वाच."

काकू आल्या. त्यांनी बांगडी फिरवली, खुणा केल्या, टेप लावली आणि त्यांना आकडा दिसेना, कारण डोळे भरलेले. पदरानं पुसून त्यांनी वाचलं, "दहा." काकांनी वहीत लिहिलं. दहाच्या वरती सानिकाचे अकरा, आणि त्याच्या वरती चोवीस, चोवीस, चोवीस अशी सगळी ओळ होती. ती त्यांनी खोडली नाही.

मी एकदा न राहवून विचारलं, की काका, दिल्लीत बसून तीन दिवसांत तुम्ही त्या पातळीवाल्याला पकडलंत, आणि इथं वर्षभर चोवीस लिहिताना तुम्हाला एकदाही शंका आली नाही? त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "ती नदी दुसऱ्याच्या गावातून जात होती."

त्यानंतर काही दिवसांनी त्यांनी मला नक्कल करायला लावली. "सगळ्या सोसायटीनं बघितलीय," म्हणाले, "मीच तेवढा राहिलोय. करा." मी त्यांच्या खुर्चीसमोर उभा राहिलो. "नुसतं पोट दिसतंय," ते म्हणाले. "मागे व्हा." मी मागे झालो. "अजून. मान हवी मला, मानेतच गंमत आहे म्हणतात." मी दरवाज्यापर्यंत गेलो, उंबरा ओलांडला, बाहेरच्या पॅसेजमध्ये उतरलो. "हां. आता अख्खे मावलात." त्यांच्यापासून वीस फुटांवर उभं राहून मी मान फिरवली, वेग विचारला, नसलेला चहा मांडीवर ओतला. काका हसले. मनापासून हसले. "हे मी करतो?" त्यांनी काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, "करता."

मग ते दर महिन्याचं झालं. आणि दर महिन्याला मला जास्त लांब जावं लागायचं. काकांना यात अचानक शिकवण्याजोगं काहीतरी सापडलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. "लिहा," ते म्हणाले. "माझं वर्तुळ इंचात, तुमचं अंतर फुटात. दोघांचा गुणाकार कायम दोनशे. वर्तुळ महिन्याला एक इंच कमी होतंय. तुम्ही किती वेगानं लांब जाताय?" पंचेचाळीस वर्षांच्या कॉमर्सवाल्यानं, पॅसेजमध्ये पाठकोऱ्या कागदावर, आयुष्यातलं पहिलं असलं गणित केलं. वर्तुळ त्या दिवशी पाच इंच होतं. मी पाच लिहिला. अंतर चाळीस आलं, वेग शून्य आला. कागद नेऊन दाखवला.

"घातलात ना आधी आकडा," काका म्हणाले.

सानिकानं मला खाली घरी बसवून करून दाखवलं. दोघांना बांधलेलं ठेवायचं, दोघांना एकदम काळात सोडायचं, मग पाच घालायचा. उत्तर आलं महिन्याला आठ फूट. दहा इंच असताना तेच दोन फूट होतं. वर्तुळ त्याच एका इंचानं आटत होतं, पण मी आधीपेक्षा चौपट वेगानं त्यांच्यापासून लांब चाललो होतो, आणि त्यात माझा काहीच हात नव्हता. "दोन इंच उरले की शंभर फूट," काका हिशोब करून म्हणाले. "तेव्हा तुम्ही पार्कात उभे राहा, मी बाल्कनीत बसेन. एक इंचाला दोनशे. त्याच्या पुढं मात्र तुम्हाला नोएडातूनच नक्कल करावी लागेल."

ते पार्कातलंही झालं. पाण्याच्या टाकीजवळ उभा राहून मी चौथ्या मजल्याकडे तोंड करून मान फिरवत होतो आणि खुराना माझ्यासाठी पाणी घेऊन बाहेर आले होते. त्यांना वाटलं मला चक्कर येतेय.

शिकवणी बंद झाली. खुर्च्यांची रांग मोडून त्या भिंतीकडेला लागल्या. सानिका इंजिनिअरिंगला गेली. गेल्या एक तारखेला मी वर गेलो तेव्हा काकूंची बांगडी आत येत होती आणि काका गप्प होते. ती आत येत राहिली, येत राहिली, आणि बारीक टणत्कार झाला.

"खिळा लागला," काकूंनी वाचलं.

काकांनी लिहिण्यासाठी पेन्सिल उचलली आणि वहीचं पान चाचपलं. काकूंनी त्यांचं बोट योग्य ओळीवर नेऊन ठेवलं. मग काकू आत निघून गेल्या.

"कलाकार," काका म्हणाले, "नक्कल राहिली."

मी सवयीनं दरवाज्याकडे निघालो. पावलांवरून त्यांना कळलं. "आता कुठं जाताय? सूत्राप्रमाणे तुम्हाला अनंतावर उभं राहावं लागेल. त्यापेक्षा इकडे या."

मी त्यांच्यापुढे खुर्ची घेऊन बसलो. त्यांनी दोन्ही हात वर केले, हवेत माझा खांदा शोधला, मग गळा, आणि माझी मान दोन्ही तळव्यांत धरली. तळवे थंड होते. "फिरवा," ते म्हणाले.

मी फिरवली. त्यांचे हात बरोबर फिरत होते. "इतकी हळू?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो, इतकीच. मान टोकाला पोचली आणि मी थांबलो. ही थांबायची जागा माझी खास, तिथं नेहमी हशा यायचा. सहा वर्षं मला ती विनोदाची जागा वाटत होती. ते तिथं कोणालातरी शोधत असायचे.

"कोण आहे?" काकांनी विचारलं.

स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या. तोंडावर पदर. त्यांनी मला हातानं खूण केली, नाही म्हणा.

"काकू आहेत," मी म्हणालो. "रडतायत."

काकांनी माझी मान सोडली नाही. त्यांनी स्वतःची मान त्या दिशेला वळवली, टेबलफॅनसारखी, टोकापर्यंत, आणि माणूस सापडल्यावर हलवायचे तशी दोनदा हलवली. वेग मात्र विचारला नाही.